तैवानमधली मधुमेह-किडनी योजना: अर्ज नाही, मग नाव कसं नोंदवायचं?

तैवानमध्ये नोकरीला किंवा शिकायला असाल आणि शुगर असेल, तर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यातली ‘पे-फॉर-परफॉर्मन्स’ योजना समजून घ्या. मधुमेहासाठी ती २००१ मध्ये सुरू झाली. पुढे किडनीच्या वाढलेल्या आजारासाठी २००६ मध्ये, सुरुवातीच्या टप्प्यांसाठी २०११ मध्ये आणि दोन्ही एकत्र असणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये वेगळ्या योजना आल्या. लोकसंख्येच्या मानाने डायलिसिसवर सर्वाधिक रुग्ण असणाऱ्या देशांत तैवान मोडतो आणि त्यामागचं मोठं कारण मधुमेह आहे.

यातला जादा मोबदला रुग्णाला नाही, डॉक्टरांना मिळतो. ठरलेल्या तपासण्या वेळेवर केल्या, आहार आणि औषधं नीट समजावली, आकडे सुधारले, तर विमा त्यांना जास्त पैसे देतो. तुमच्या वाट्याला येते ती नियमित देखरेख. दवाखान्यात दर भेटीला लागणारी नोंदणी फी आणि खर्चातला तुमचा हिस्सा मात्र नेहमीसारखाच भरावा लागतो.

पात्रता

आधी विमा हवा. निवास परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला सलग सहा महिने राहिल्यावर तो मिळतो. पक्की नोकरी असेल तर रुजू झाल्या दिवसापासूनच.

मधुमेह योजनेसाठी निदान झालेलं असावं आणि त्याच दवाखान्यात तुमचे उपचार चालू असावेत. पहिल्याच भेटीत नाव लागेल असं धरून चालू नका.

किडनीचं गणित ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज) आणि लघवीतल्या प्रथिनांवर चालतं. ईजीएफआर ४५ ते ६० च्या दरम्यान असेल तर तुम्ही सुरुवातीच्या टप्प्यांच्या योजनेत बसता. ६० च्या वर असेल, तर लघवीतही दोष दिसावा लागतो: प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण (क्रिएटिनिन म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) किमान १५० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, किंवा मधुमेहींमध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाचं तसंच प्रमाण किमान ३०. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला, किंवा प्रथिनांचं प्रमाण १००० च्या वर गेलं, की वाढलेल्या आजाराच्या योजनेचा विचार होतो. म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, लघवीची तपासणी मागून घ्या. मधुमेहात किडनीचं दुखणं बऱ्याचदा आधी तिथेच दिसतं.

नाव कसं लागतं

रुग्णाने भरायचा अर्ज यात नाही. योजनेत सहभागी असलेला डॉक्टरच तुमची नोंद करतो, आणि अडचणही इथेच आहे. मधुमेह योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांवरच्या अभ्यासांत दिसलं, की ज्यांचा आजार गुंतागुंतीचा त्यांना योजनेत कमी घेतलं गेलं. खरं तर देखरेखीची गरज त्यांनाच जास्त. तेव्हा डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. ‘तुम्ही या योजनेत आहात का, माझं नाव घ्याल का?’ असं थेट विचारा. नाही म्हणाले, तर सहभागी असलेल्या दुसऱ्या दवाखान्यात जा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

सोबत काय न्यावं

आरोग्य विमा कार्ड आणि निवास परवाना. जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी, आणि घरी शुगर मोजत असाल तर ती वहीसुद्धा. भारतातले इंग्रजी रिपोर्ट चालतात, कारण तैवानमधले डॉक्टर बहुतेक नोंदी इंग्रजीतच करतात.

नाव लागल्यावर

साधारण तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) होते. कोलेस्टेरॉल आणि लघवीही ठरलेल्या वेळी तपासतात. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा पाहतात. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा. पायाच्या तपासणीत डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवतात आणि तो जाणवला की सांगायचं असतं. बधिरपणा सुरू झाला असेल तर तो इथे पकडला जातो. आहारतज्ज्ञ भेटले की भात, चपाती, डाळ किती खाता ते खरं सांगा, नाहीतर त्यांचा सल्ला तुमच्या ताटाला लागूच पडत नाही.

एका वेळी एकाच दवाखान्यात नोंद राहते. शहर बदललं तर जुन्या ठिकाणी सांगून ती बंद करून घ्या आणि शेवटच्या तपासण्यांच्या प्रती घेऊन नव्या डॉक्टरांकडे जा.