काका सोपे, मामा अवघड

ऑफिसात इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायचा सरकारी कीबोर्ड लेआउट, येणारं कोणी नवीन आलं की मी त्याला एक खेळ खेळायला लावते. आधी 'काका काका काका' टाइप कर, मग 'मामा मामा मामा', आणि दोन्ही एकाच स्पीडने. काका पळत सुटतात. मामा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच अडखळतात आणि समोरच्याला वाटतं आपलीच प्रॅक्टिस कमी पडतेय. तसं काही नसतं. क आहे इंग्रजी 'के'च्या बटणावर, म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, आणि काना आहे इंग्रजी 'ई'वर, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, त्यामुळे काका लिहिताना उजवा-डावा-उजवा-डावा अशी मस्त लय लागते. म मात्र 'सी'वर. तोही डाव्या हाताच्या मधल्याच बोटाकडे. म्हणजे मामा लिहायचा तर ते एकटं बोट खालच्या ओळीतून वरच्या ओळीत, परत खाली, परत वर, आणि बाकीची नऊ बोटं नुसती बघत बसलेली.

हे सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी मनगट दुखायला लागलं म्हणून मी एर्गोनॉमिक, म्हणजे हाताला सोयीचा पडेल असा बनवलेला, कीबोर्ड शोधायला लागले आणि प्रत्येक जाहिरातीत 'आरामदायी' आणि 'वेगवान' हे दोन शब्द जोडीनेच दिसले, जसं काही एक मिळालं की दुसरं फ्री. मी दिवसभर सबटायटल टाइप करते, ठाण्यात चरईत राहते, ऑफिस ऐरोलीला. त्यामुळे दोन्ही गोष्टी मला हव्याच होत्या. पण थोडं खोलात गेल्यावर कळलं की स्पीड आणि आराम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि दोघांची कारणंही वेगळी.

आधी स्पीडचं बघू. २०१८ मध्ये फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी केंब्रिजच्या मदतीने १ लाख ६८ हजार लोकांचं टायपिंग ऑनलाइन तपासलं, सगळी मिळून १३ कोटी ६० लाख बटणं. सरासरी स्पीड निघाला मिनिटाला ५२ इंग्रजी शब्द. जे खरे वेगवान होते त्यांची गंमत अशी की ते पहिलं बटण सोडायच्या आधीच पुढचं दाबतात. याला रोलओव्हर म्हणतात. पेटीवर सराईत माणूस सूर कसे एकमेकांत मिसळवत जातो, एक पट्टी उठायच्या आत दुसरी दबलेली, तसंच. आता काका-मामा परत आठवा. काका लिहिताना एक हात बटणावर असताना दुसरा पुढच्या बटणावर उतरलेला असतो, रोलओव्हर होतो. मामा लिहिताना तो होऊच शकत नाही, कारण तेच बोट आधी उचलावं लागतं. त्याच युनिव्हर्सिटीच्या २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात आणखी एक दिसलं होतं, की दहा बोटांनी शिकलेले आणि स्वतःचं स्वतः कमी बोटांनी शिकलेले, दोघंही सारख्याच वेगाने टाइप करू शकतात. फरक पडतो तो ठराविक अक्षराला ठराविकच बोट जातं का आणि हात जागेवर शांत राहतात का, याने. यात कीबोर्डच्या किमतीचा काही संबंध नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

इनस्क्रिप्टची रचना याबाबतीत बरीच हुशार आहे. १९८६ साली सरकारने ठरवलेला हा लेआउट, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि आपल्या भाषेत व्यंजन-मात्रा-व्यंजन-मात्रा असंच चालतं त्यामुळे हात आपोआप आलटून-पालटून येतात. दादा, तारा, राजा, सगळे सोपे. म, न, व हे तिघं मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत राहिलेत, म्हणून मामा आणि नाना दोघंही डाव्याच हातावर पडतात. त्यातल्या त्यात नाना बरे, त्यांना निदान दोन बोटं मिळतात.

दुसरी कुरबुर शिफ्टची. ख, घ, ठ, थ, ध, भ, सगळे आपापल्या क, ग, ट, त, द, ब यांच्याच बटणावर, फक्त शिफ्ट धरून. लक्षात ठेवायला झकास, पण ण, ळ आणि श सुद्धा शिफ्टवर गेलेत आणि मराठीचं यांच्याशिवाय पान हलत नाही. 'ठाणे' लिहायला दोनदा शिफ्ट. 'आठवण' लिहायला चार अक्षरांत तीनदा. आणि शिफ्ट दाबते कोण, तर करंगळी, हाताचं सगळ्यात दुबळं बोट. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांची वेगळीच रड, त्यांना प्रत्येक अ आणि आ साठी 'ए' दाबावा लागतो आणि तोही डाव्या करंगळीखालीच आहे. 'नगर' इनस्क्रिप्टमध्ये तीन बटणांत होतं, इकडे पाच, त्यातली दोन करंगळीची. म्हणजे कुठूनही या, मराठी माणसाची करंगळी मार खाते. त्यामुळे आपल्याला कीबोर्ड निवडताना एक गोष्ट इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त बघायला हवी, ती म्हणजे शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते का. अंगठा इतका दणकट आणि त्याला काम काय, तर फक्त स्पेस. अर्थात नवीन कीबोर्ड घ्यायच्या आधी विंडोजमधलं स्टिकी कीज चालू करून बघा. शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं, धरून ठेवायची गरजच नाही. फुकट आहे.

आता दुखण्याकडे येऊ. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराच्या खाली असतात, आणि तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीसारखं. मनगटात एक अरुंद बोगदा आहे, कार्पल टनेल. त्यातून नऊ कंडरे आणि मीडियन नावाची एक नस अशी दाटीवाटीने जातात. सकाळी आठच्या ठाणे-वाशी लोकलचा दरवाजा डोळ्यासमोर आणा. मनगट सरळ असेल तर आतला दाब सगळ्यात कमी, वर मुडपलं किंवा खाली वाकवलं की दाब वाढतो आणि नस चेपली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, इथे मुंग्या येतात. करंगळीला मुंग्या येत असतील तर मात्र ती नस वेगळी, ती कोपरामागून जाते, तेव्हा मनगटाला पट्टे बांधण्याआधी आपण कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून तर बसत नाही ना ते बघा. माझं अर्धं दुखणं तेच निघालं. आणि रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या असतील किंवा हातातून वस्तू सुटत असतील तर लेख वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा, कारण डायबेटिस, थायरॉइड, गरोदरपण यांनीही हे होतं आणि कीबोर्ड बिचारा उगाच बदनाम होतो. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या हजारो कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या अभ्यासात कीबोर्ड आणि कार्पल टनेलचा ठोस संबंध सापडला नव्हता. थोडाफार सापडला तो आठवड्याला वीस तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत.

म्हणजे एर्गोनॉमिक कीबोर्ड हे औषध नाही. मग तो करतो काय? तर हाताचे वाकडे कोन सरळ करतो. असे कोन तीन आहेत आणि तुमचा कुठला बिघडलाय त्यावर काय घ्यायचं ते ठरतं.

इथे मला माझ्या भावाचा तबला आठवतो. तो बसला की तबला वेगळा, डग्गा वेगळा, दोन्ही खांद्यांच्या अंतराने, प्रत्येक आपापल्या चुंबळीवर आपल्याला हवा तसा कललेला. कोणी त्याला म्हणालं की दोन्ही एकाच फळीवर चिकटवतो, सपाट, सगळ्यांना एकच माप, तर तो घराबाहेर काढेल. आणि आपण तेच गेली दीडशे वर्षं निमूट वापरतोय. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणावे लागतात, त्यामुळे मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात, हा पहिला कोन. कीबोर्ड दोन तुकड्यांत फोडला आणि खांद्याइतका लांब ठेवला की हे वळणं थांबतं. दुसरा कोन तळहात पूर्ण पालथा करण्याचा, त्यात हाताची दोन हाडं एकमेकांवर चढतात. हात मिळवताना पंजा जसा उभा असतो तिकडे थोडं झुकलं तर बरं, म्हणून काही कीबोर्ड मध्ये उंच आणि कडांना उतरते असतात, त्याला टेंटिंग म्हणतात. तिसरा कोन मनगट वर मुडपण्याचा, हाच त्या बोगद्याला सगळ्यात नडतो, आणि याला तर नवीन कीबोर्डही लागत नाही. कीबोर्डखालचे ते दोन छोटे पाय आहेत ना, जे आपण नवीन कीबोर्ड आला की पहिले उघडतो, ते मिटवा. बस.

फोडलेल्या कीबोर्डची कल्पना काही आजची नाही. १९२० च्या दशकात जर्मनीत ती मांडली गेली होती, १९७२ मध्ये संशोधक कार्ल क्रोमर यांनी प्रयोग करून परत मांडली, आणि १९९४ ला मायक्रोसॉफ्टचा नॅचरल कीबोर्ड आला तेव्हा कुठे ती सामान्य लोकांच्या टेबलावर पोचली. क्वर्टी, म्हणजे आपला नेहमीचा इंग्रजी लेआउट, मात्र १८७० च्या दशकातला, शोल्स यांच्या टाइपरायटरचा. अक्षरं उमटवणाऱ्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून मुद्दाम टायपिस्टला हळू करायला तो बनवला ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते, पण इंग्रजीत सारखी येणारी ई-आर ही जोडी त्यात शेजारीशेजारी आहे, अडकणं टाळायचं असतं तर ती लांब ठेवली असती, त्यामुळे मला काही ती गोष्ट पटत नाही. ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकलेल्या असतात, ते मात्र नक्की त्या दांड्यांमुळे, खालून लोखंडी दांडी जायला जागा हवी म्हणून. आज लॅपटॉपात दांड्या नाहीत पण तिरकेपणा तसाच. काही कीबोर्डांत बटणं उभ्या रांगेत असतात, बोटांच्या लांबीप्रमाणे वरखाली. हाताला सुखाचं, सवय लागायला त्रासाचं.

कोर्ट नाक्याला एक टायपिस्ट काका बसायचे, तीस-पस्तीस वर्षं मशीनवर काढलेले. त्यांना विचारलं, हात दुखायचे का हो? म्हणाले, "बोटं दुखायची, मनगट नाही." आणि नीट बघितलं तर कारण समोरच होतं. टाइपरायटरवर मनगट टेकवायला जागाच नव्हती, हात हवेत, आणि प्रत्येक ओळ संपली की घंटी वाजायची, हात उचलून कॅरेज ढकलायचं, पान संपलं की कागद बदलायचा. मिनिटाला तीन-चार वेळा बारीकशी सुट्टी. कॉम्प्युटरने ती सुट्टीच काढून घेतली. त्यामुळे ते मऊ गादीवालं रिस्ट रेस्ट घेतलंत तरी टाइप करताना त्यावर मनगट दाबून बसू नका, खाली बरोबर तोच बोगदा आहे. थांबलात की टेका. मी हल्ली प्रत्येक सबटायटल संपलं की हात उचलते, घंटी तेवढी वाजत नाही.

मी पहिला कीबोर्ड घेतला तो नुसता फोटो बघून, लाटेसारखा वळलेला, ऑनलाइन. आला तेव्हा कळलं की त्याला नंबर पॅड जोडलेलाच आहे, त्यामुळे माउस चांगला वीतभर लांब गेला आणि मनगटाच्या जागी खांदा दुखायला लागला. परत घ्यायला विक्रेता तयार नाही. तुम्ही वाशीच्या मार्केटात टॅलीवर दिवसभर आकडे मारत असाल तर नंबर पॅड लागणारच, पण मग तो सुटा घ्या आणि डावीकडे ठेवा. बाकीच्यांनी सरळ नंबर पॅड नसलेला घ्यावा, ८७ बटणांचा किंवा त्याहून छोटा.

बटणाच्या जोराबद्दल लोक तासन्‌तास भांडतात, मी थोडक्यात सांगते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली सुटा स्प्रिंगवाला स्विच असतो, त्यात लाल रंगाचा साधारण ४५ ग्रॅमच्या जोराने दबतो आणि ४ मिलिमीटरच्या प्रवासात अर्ध्यावरच अक्षर उमटतं, म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरज नाही. तपकिरीत मध्ये हलकासा उंचवटा जाणवतो, दाबलं गेलं हे बोटाला कळतं. निळा टकटक वाजतो. वन बीएचकेत रात्री अकरानंतर निळा वापरून बघा, घरचेच बाहेर फेकतील. हलका बरा, पण इतका हलका नको की बोट टेकलं तरी अक्षर उमटेल.

आणि टेबल. साडेतीन फूट उंचीवर ठेवलेल्या कीबोर्डचं कुणीच भलं करू शकत नाही. कोपर आणि कीबोर्ड साधारण एका उंचीला हवेत. डायनिंग टेबल बहुतेक बायकांना उंच पडतं, खुर्ची वर घ्यावी तर पाय लोंबकळतात. मी पायाखाली देवघरातला जुना पाट घेतला, आई आठवडाभर बोलली नाही, मग दुसरा आणला.

शेवटी मी घेतला तो दोन तुकड्यांचा, अंगठ्याखाली चार-चार बटणं असलेला, डाव्या अंगठ्याला शिफ्ट दिली. पहिले दोन आठवडे माझा स्पीड निम्म्यावर आला, हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. डेडलाइनच्या आठवड्यात अजिबात बदलू नका. महिन्याने स्पीड होता तिथे परत आला, त्याच्या पुढे काही गेला नाही, मामा अजूनही अडखळतात. मनगट मात्र संध्याकाळी ऐरोली स्टेशनचा जिना चढताना रेलिंग धरू देतं.

असले कीबोर्ड दुकानात हात लावून बघायला सहसा मिळत नाहीत, म्हणून घ्यायच्या आधी मी एक केलं होतं. बऱ्याच मॉडेलचा खऱ्या मापातला नकाशा नेटवर मिळतो, तो पेन ड्राइव्हवर टाकून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेला, शंभर टक्के साइज, पानात बसवून नको असं दोनदा बजावलं आणि पट्टी लावून एक बटण ते दुसरं बटण १९ मिलिमीटर येतंय ना ते तपासलं. तीन मॉडेल, सहा कागद. टेबलावर चिकटवून डोळे मिटून बोटं ठेवली तर एकात माझा अंगठा बटणापर्यंत पोचतच नव्हता. झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, यावर टाइप होतं का? म्हटलं, अजून नाही.