रंबलर की गतिरोधक?

घोडबंदर रोड असो की पामबीच, अपघात झाला की मागणी एकच असते: इथे स्पीडब्रेकर टाका. कळकळ खरी, पण स्पीडब्रेकर म्हणताना रंबलर आणि गतिरोधक यांची सरमिसळ होते. चुकीच्या जागी चुकीची गोष्ट पडली तर तीच जिवावर बेतते.

रंबलर म्हणजे रस्त्यावर ओळीने मारलेल्या थर्मोप्लास्टिकच्या काही मिलिमीटर जाड पट्ट्या. खडखडाट होतो, स्टिअरिंग थरथरतं, चालक सावध होतो. वेग मात्र त्यानेच कमी करायचा. गतिरोधक म्हणजे रस्त्यावर आडवा घातलेला उंचवटा; तो असा पर्याय देत नाही.

म्हणूनच हायवेच्या मुख्य लेनमध्ये गतिरोधक नको. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस चालकाच्या प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरते. म्हणजे ब्रेक लागेपर्यंतच ५५ मीटर सरले. पूर्ण थांबायला हे धरून साधारण १२० मीटर लागतात. पुढच्या कारने गतिरोधक पाहून करकचून ब्रेक दाबला, तर मागच्या भरलेल्या कंटेनरला तेवढी जागा मिळत नाही. रंबलरही या हिशेबाने आधीच सुरू व्हायला हवेत. अगदी सिग्नलच्या तोंडाशी मारले तर इशारा उशिरा पोहोचतो. मात्र रात्री त्यांचा आवाज लांबवर जातो, हे लगतच्या सोसायट्यांचं म्हणणं रास्त आहे.

गतिरोधकाची जागा म्हणजे सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्त्याला मिळणारे छोटे रस्ते. ताशी २५ किलोमीटरने ओलांडायच्या गोल गतिरोधकाचं ठरलेलं माप असं: गाडी जाण्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटीमीटर. वीतभर रुंद, उभट उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे. त्यावर हळू जाणाऱ्याच्या पाठीला दणका बसतो, तर वेगातल्या गाडीचं सस्पेन्शन तो बराचसा पचवून टाकतं. म्हणजे शिक्षा उलट माणसाला.

माप तपासणं सोपं आहे. माथ्यावरून रस्त्याला समांतर दोरी ताणा आणि माथ्यापासून १.८५ मीटरवर दोरीखालचं अंतर मोजा. दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटरच्या आसपास भरायला हवं. गटाराकडे पाणी जायला सोडलेली फटही पाहा. ती रुंद असली की दुचाकीस्वार तिथूनच काढतात, नेमके पायी चालणाऱ्यांच्या अंगावर. पावसाळ्यानंतर पांढरे पट्टे पुन्हा रंगवून घ्या. रंग उडालेला गतिरोधक रात्री दिसतच नाही.