सरकारने चालवून घेणं आणि धर्मस्वातंत्र्याचा हक्क असणं, फरक कुठे पडतो?

धर्माचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "कोण अडवतंय तुम्हाला, करा की तुमचं काय ते." आणि दुसरं, "सरकार देवळात घुसलं, आता कसलं स्वातंत्र्य!" म्हणजे कुणी अडवत नसेल तर स्वातंत्र्य आहे आणि नियम आला की ते गेलं, असा सरळ हिशोब. मला हे दोन्ही पटत नाही. सहिष्णुता आणि हक्क यांत गल्लत होते कारण सगळं सुरळीत चालू असताना दोन्हींत माणूस आपापल्या देवाचं निवांत करत असतो, फरक दिसतो तो कुणी वजनदार माणूस हरकत घेतो तेव्हा.

केरळमधली 1985 ची केस घ्या. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातल्या एका घरची तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहायची, शांतपणे, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना फक्त यहोवाची. शाळेत कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, बाई चालवून घेत होत्या. मग एका आमदाराच्या ते लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली, चौकशीत मुलांनी राष्ट्रगीताचा अपमान केलेला नाही असंच निघालं, तरी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून जुलैमध्ये मुलांना शाळेतून काढलं. इतकी वर्षं जे चालून गेलं ते एका प्रश्नाने संपलं, आणि मुलांच्या वागण्यात काडीचाही बदल झालेला नव्हता! हायकोर्टानेही त्यांना परत घ्यायला नकार दिला. शेवटी ऑगस्ट 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने विचारलं की राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा आहे कुठे? नुसत्या खात्याच्या सर्क्युलरवर मूलभूत हक्क काढून घेता येत नाही, मुलांना परत घ्या. त्या निकालात सहिष्णुतेचं कौतुक आहे, पण मुलं परत आली ती घटनेच्या कलम 19 (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) आणि कलम 25 (धर्मस्वातंत्र्य) यांच्या जोरावर.

गोव्यात हीच गोष्ट शतकांच्या मापाने दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, लोकांनी कुशस्थळीचा मंगेश झुआरी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात प्रियोळला नेला. अठराव्या शतकात प्रियोळ ज्यात येतं तो फोंड्याचा भाग पोर्तुगीजांच्या हाती आला, आणि या वेळी त्यांनी देवळांना हात लावला नाही. सत्ता तीच, धर्मही तोच, फक्त आता त्यांना तिथल्या लोकांशी जमवून घ्यायचं होतं. हिंदूंना कायद्याने बरोबरीची जागा मिळायला पोर्तुगालमध्ये 1910 ला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक यावं लागलं. मधल्या काळात मंगेशीला जो कुणी निर्धास्तपणे जात होता तो राज्यकर्त्यांच्या मर्जीवर जात होता, आणि मर्जी फिरली तर दाद कुठे मागणार?

आता दुसरं वाक्य, नियम आला म्हणजे स्वातंत्र्य गेलं. मुंबई राज्याने 1950 मध्ये सार्वजनिक न्यासांचा कायदा केला, तोच ज्याच्याखाली आजही आपल्याकडचे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब देतात. त्याविरुद्ध एका जैन देवळाचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे ट्रस्टी कोर्टात गेले, 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. नोंदणी, हिशोब, ऑडिट, हे सगळं कोर्टाने राहू दिलं. पण देवस्थानावर ट्रस्टी म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तालाच बसवायची तरतूद होती, ती धार्मिक संस्थांच्या बाबतीत रद्द केली. कारण वहीतला खर्च तपासणं वेगळं आणि देवाचं काय, कसं करायचं हे सरकारी माणसाने ठरवणं वेगळं. पंढरपूरचंही तसंच, 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पात या तिथल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढले, ते भांडण जानेवारी 2014 पर्यंत चाललं आणि कायदा टिकला. माझ्या मते वारकऱ्याचं यात काही गेलं नाही, उलट विठ्ठलाच्या पायाशी उभं राहताना मधला हात कमी झाला.

म्हणून मी कुठलाही नियम बघताना एवढंच विचारते की याला कारण मागता येतं का आणि कारण पटलं नाही तर रद्द करून घेता येतो का. कलम 25 मध्येच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांची अट आहे, म्हणजे हक्कालाही कुंपण आहेच, पण ते लिहिलेलं आहे आणि सरकारलाही बांधतं.

हक्काची बाजू घेऊन सगळं सुटतं असंही नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये धर्मबहिष्कृत करण्यावर बंदी घातली, दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने पंथाच्या हक्काच्या नावाने कायदाच रद्द केला. ज्याला बाहेर काढलं त्या माणसाच्या हक्काचं काय, याचं उत्तर त्या निकालात मला तरी मिळत नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, आणि 1962 चा निकाल बरोबर होता का हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे पाठवला गेला.