तांबड्या टेक्सन गाईचा भारतीय घाम

देशी गाईच्या वशिंडात ‘सूर्यकेतू नाडी’ असते, ती सूर्यकिरणं शोषून दुधात सोनं उतरवते, असा मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा आला. वशिंडात स्नायू आणि चरबी असते. अशी नाडी तिथे नाही. वाईट याचं वाटतं की या भाकडकथेपायी आपल्या गाईचा खरा गुण, ऊन सोसण्याचा, झाकला जातो.

तो गुण अमेरिकेतल्या टेक्सासच्या किंग रँच या गुरं पाळणाऱ्या मोठ्या फार्मने हेरला. तिथली शॉर्टहॉर्न ही ब्रिटिश गुरं उन्हाने आणि गोचिडांनी बेजार व्हायची. म्हणून त्यांचा संकर ब्राह्मनशी केला. (या नावाची जात भारतात नाही. गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोडी आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, यांच्यापासून ती अमेरिकेत घडली.) १९२० साली जन्मलेल्या ‘मंकी’ नावाच्या तांबड्या वळूपासून सांता गर्ट्रुडिस ही मांसाची जात उभी राहिली. १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

मे महिन्यातल्या दुपारी गोठ्यात बघा. होल्स्टीन ही युरोपीय गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, तोंडातून लाळेची तार लोंबते. शेजारी खिलार शांतपणे रवंथ करते. गाईला ऊन बाहेरून तापवतं, तसं तिचं कोठीपोटही आतून तापवतं, कारण तिथे चारा सतत आंबत असतो. ही उष्णता बाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. गाईच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक घर्मग्रंथी असते. युरोपीय गाईत ती बारीक, वेटोळ्या नळीसारखी. वशिंडाच्या गाईत पिशवीसारखी फुगीर आणि कातडीच्या वरच्या थराजवळ. वर केस आखूड, तुळतुळीत, त्यामुळे घाम लगेच वाळतो. दमट हवेत तो वाळत नाही, तेव्हा दुसरा गुण कामी येतो: या गाईचा चयापचयच मंद, म्हणजे मुळात उष्णता कमी तयार होते.

मग शुद्ध ब्राह्मनच का नाही पाळली? ती उशिरा वयात येते. शिवाय तिच्या स्नायूंत कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन जास्त सक्रिय असतं. मांस मुरताना प्रथिनं तोडून त्याला मऊ करणाऱ्या कॅल्पेन या विकराला कॅल्पास्टॅटिन अडवतं, म्हणून मांस राठ राहतं. त्यामुळे सांता गर्ट्रुडिसमध्ये ब्राह्मनचा वाटा ३/८ आणि शॉर्टहॉर्नचा ५/८ धरला जातो. निम्म्या ब्राह्मन रक्ताची गाय पाव रक्ताच्या वळूला दाखवली, की वासरात सरासरी हेच प्रमाण उतरतं.