आधी बळ जातं, मग दोरा

लग्नसराई जवळ आली की स्किन क्लिनिकांच्या जाहिरातींत एक ओळ हमखास दिसू लागते: ‘ऑपरेशन नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत चेहरा उचलून घ्या.’ ही थ्रेड लिफ्टची, म्हणजे त्वचेखाली दोरे घालून ओघळलेला गाल वर ओढण्याची जाहिरात. गंमत म्हणजे यात आत घातला जातो तो टाक्याचाच दोरा. पूर्वी प्लास्टिक सर्जनकडेच मिळणारी ही सेवा आता लेझर आणि बोटॉक्स करणारे मेडिकल स्पाही आपल्या यादीत घालू लागले आहेत. घालायला हरकत नाही. पण काउंटरवर सांगितलं जाणारं एक वाक्य साफ चुकीचं आहे: “दोरा सहा महिन्यांत विरघळतो, म्हणजे सहा महिने चेहरा धरून ठेवतो.” दोरा विरणं वेगळं आणि त्याची पकड जाणं वेगळं. मध्ये काही महिन्यांचं अंतर असतं, आणि गिऱ्हाइकाची निराशा नेमकी त्याच अंतरात जन्माला येते.

आधी दोरा पाहू. सर्वात जास्त वापरला जाणारा दोरा पॉलिडायॉक्सॅनोनचा, म्हणजे पीडीओचा. हा पदार्थ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शस्त्रक्रियेत आतल्या टाक्यांसाठी वापरात आहे; चेहऱ्यावर तो बराच नंतर आला. स्पामध्ये येणाऱ्या खोक्यांत याचे दोन मुख्य प्रकार असतात. ‘मोनो’ म्हणजे साधा, गुळगुळीत, केसासारखा बारीक दोरा, २९ किंवा ३० गेजच्या सुईत बसवलेला (गेज हे सुईच्या जाडीचं माप; आकडा जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक). आणि ‘कॉग’ म्हणजे काटे असलेला जाड दोरा, १८ ते २१ गेजच्या बोथट टोकाच्या नळीत, म्हणजे कॅन्युलात. १८ गेजच्या नळीचा बाहेरचा व्यास १.२७ मिलिमीटर असतो. एवढी नळी गालाखालून दहा सेंटिमीटर सरकवायची आणि त्याला ‘काहीच नाही’ म्हणायचं, याला धाडस लागतं. मोनो दोरे चेहरा उचलत नाहीत. उचलण्यासाठी पकड लागते आणि त्यांना काटेच नसतात. तरीही पन्नास मोनो घालून ‘लिफ्ट’चं बिल लावलेलं सर्रास दिसतं.

काट्याचं काम समजायला माळरानावरचं कुसळ आठवावं. कपड्याला लागलेलं कुसळ एका दिशेने सहज आत जातं, उलट ओढलं की अडतं. आणि आपण चालत राहिलो की आपोआप आणखी आत शिरतं, कारण प्रत्येक हालचालीत त्याला पुढे जायची मुभा असते, मागे यायची नसते. सगळे काटे एकाच दिशेला असलेला दोरा चेहऱ्यात असाच वागू शकतो: चावणं, हसणं, जांभई, आणि दर वेळी तो केसभर सरकतो. म्हणून बहुतेक कॉग दोऱ्यांत अर्ध्या लांबीतले काटे एका दिशेला आणि उरलेले विरुद्ध दिशेला असतात. दोन्ही बाजू एकमेकींना अडवतात आणि दोरा जागेवर राहतो. काटा रुततो तो चरबीत नाही, चरबीतून जाणाऱ्या तंतूंच्या जाळीत. नुसती चरबी लोण्यासारखी; तिच्यात गळ टाकला तर चिरत बाहेर येईल.

खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न यातूनच निघतो: काटे कापून काढलेत की साच्यात घडवलेत? कापलेल्या दोऱ्यात काटा मूळ दोऱ्याच्या अंगातूनच निघतो, तेवढा गाभा बारीक होतो. ०.४ मिलिमीटरच्या दोऱ्याचा गाभा कापून ०.३ राहिला, तर व्यास चौथ्या भागाने घटला असं वाटतं. पण ताण पेलतं ते छेदाचं क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गानुसार बदलतं. ०.०९ भागिले ०.१६, म्हणजे जेमतेम ५६ टक्के. गाल वर ओढताना ‘टक्’ आवाज होऊन तुटणारे दोरे बहुधा या जातीचे. साच्यातल्या काट्यांत गाभा पूर्ण राहतो, किंमत अर्थातच जास्त.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी आतल्या टाक्यांसाठी कॅटगट वापरत, जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा. त्याला शरीरातली पाचक द्रव्यं, म्हणजे एन्झाइम फोडत. जिथे संसर्ग, तिथे एन्झाइम जास्त, तिथे टाका लवकर सुटे. एकाला दहा दिवस, दुसऱ्याला वीस. पीडीओचं तसं नाही. त्याला फोडतं ते साधं पाणी.

पॅरा-डायॉक्सॅनोन ही चार कार्बन आणि दोन ऑक्सिजन अशी सहा अणूंची कडी असते. कडी उघडून अशा हजारो कड्या एकापुढे एक जोडल्या की पीडीओची साखळी होते. साखळीत दर टप्प्याला दोन प्रकारचे सांधे येतात. एक ईथरचा, तो लवचीकपणा देतो आणि पाण्याला दाद देत नाही. दुसरा एस्टरचा, हा कच्चा. पाण्याचा रेणू एस्टरच्या सांध्यावर येतो, स्वतः दुभंगतो, एक तुकडा या टोकाला, एक त्या टोकाला, आणि साखळी तिथे तुटते. याला जलविघटन म्हणतात. साठवलेलं तूप खवट होतं तेव्हा त्यातही हीच क्रिया चालू असते. तुपातले मेद हेही एस्टरच.

पण सगळे एस्टर एकाच वेळी तुटत नाहीत. दोऱ्याच्या आत साखळ्यांचे काही भाग शिस्तीत, घट्ट रचलेले असतात. त्यांत पाणी सहज शिरत नाही. या स्फटिकी भागांच्या मध्ये विस्कटलेले, सैल भाग असतात आणि दोन स्फटिकांना जोडणाऱ्या साखळ्या त्यांतूनच जातात. पाणी आधी तिथे पोहोचतं. ज्वारीच्या पेंढ्या सुतळीने एकमेकींना बांधून लटकवल्या आहेत असं समजा. सुतळी कुजली. पेंढ्या जशाच्या तशा, वजनकाट्यावर टाकल्या तर वजन तेवढंच भरेल. पण खालची पेंढी ओढून पाहा. दोऱ्याचंही असंच होतं: रेणूंची लांबी झपाट्याने घटते, तिच्याबरोबर बळ जातं, आणि वस्तुमान मात्र बराच काळ जागेवर राहतं.

आकड्यांत सांगायचं तर या पदार्थाच्या टाक्यांसाठी नेहमी दिली जाणारी जुनी आकडेवारी अशी: दोन आठवड्यांनी सुमारे ७० टक्के बळ शिल्लक, चार आठवड्यांनी ५०, सहा आठवड्यांनी २५. वस्तुमान मात्र पहिले ९० दिवस फारसं हलत नाही, आणि साधारण १८० दिवसांत दोरा पूर्ण जातो. जाड दोरे बळ थोडं जास्त काळ धरतात, पण क्रम तोच. म्हणजे ‘सहा महिने’ हा आकडा खरा आहे, फक्त तो दोऱ्याच्या अंत्यविधीचा आहे. शेवटी उरतं ते हायड्रॉक्सिइथॉक्सी ॲसेटिक आम्ल, आणि ते मुख्यतः लघवीवाटे निघून जातं. पीएलएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचे दोरे जास्त काळ टिकतात, वर्षाहून अधिक. त्यांच्यापासून सुटणारं लॅक्टिक आम्ल दह्यातल्या आम्लाचंच भावंड.

मग दीड महिन्यानंतर गाल कोण धरून ठेवतं? शरीराची तक्रार. परकी वस्तू आली की आधी पांढऱ्या पेशी, मग भक्षक पेशी, मग तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी तिच्याभोवती जमतात आणि कोलॅजनचं बारीक वेष्टण तयार करतात. दोरा गेल्यावर काही काळ हा व्रणाचा पडदा उरतो. त्वचा थोडी घट्ट वाटते ती याने. पण उचललेला गाल वर्षानुवर्षं तोलायला तो पुरत नाही. इटलीत १६० रुग्णांवर काटेरी दोऱ्यांचा परिणाम तपासला, तेव्हा वर्षभराने चेहरे मूळ जागी आले होते आणि ३४ टक्के रुग्णांत लहानमोठी गुंतागुंत नोंदली गेली होती. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला सांगायचं ते एवढंच: लहानसा बदल, काही महिने, आणि गाल खूप ओघळले असतील तर दोऱ्याचा उपयोग नाही.

‘सोन्याच्या दोऱ्या’बद्दल इथेच बोलून टाकू. सोनं विरघळत नाही, गंजत नाही, म्हणूनच ते त्वचेखाली कायमचं राहतं आणि पुढे प्रत्येक एक्स-रेत रांगोळीसारखं उमटतं. चोवीस कॅरट असल्याने पेशी तरुण होत नाहीत. सोनं अंगावर घालावं, अंगात नाही.

स्पामध्ये ही सेवा आणताना पहिला शत्रू पाणीच, आणि मुंबई-कोकणच्या हवेत ते भरपूर आहे. दोऱ्याचं पाकीट ॲल्युमिनियम फॉइलचं असतं ते दिसण्यासाठी नाही, बाष्प अडवण्यासाठी. फॉइल फाडलं की विघटनाचं घड्याळ सुरू. उघडून उरलेला दोरा ‘उद्याच्या पेशंटला’ ठेवायचा नाही, टाकून द्यायचा. साठा खोक्यावरच्या तापमानात, साधारण २५ अंशांच्या आत, कोरड्या कपाटात ठेवावा; स्टीमर आणि टॉवेल वॉर्मर ज्या खोलीत आहेत तिथे नाही. आणि कोणी काटकसर म्हणून दोरा ऑटोक्लेव्हमध्ये घातलाच तर? ऑटोक्लेव्हची वाफ १२१ अंशांची, पीडीओ वितळतो ११०च्या आसपास. हे दोरे कारखान्यात इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेले असतात. दुसऱ्यांदा निर्जंतुक करणं हा प्रकारच त्यांच्यात नाही.

दुसरा प्रश्न हाताचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केस प्रत्यारोपण आणि सौंदर्यप्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, त्यांत कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. फेशियल करणाऱ्या ताई कितीही हुशार असोत, दोरा त्यांच्या हाती द्यायचा नाही. कारण खोलीचा हिशेब मिलिमीटरचा आहे. त्वचा, तिच्याखाली चरबी, तिच्याखाली एसएमएएस नावाचा तंतुमय पडदा, आणि त्याच्या आड लाळग्रंथी व चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा. दोरा चरबीच्या थरात, पडद्याच्या जरा वर हवा. कपाळाकडे जाणारी शाखा कानासमोरच्या कूर्चेच्या अर्धा सेंटिमीटर खालून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर अशा रेषेत धावते. ती दुखावली तर भुवई उचलता येत नाही.

खुणा पेशंटला बसवूनच करायच्या. आडवं केलं की गाल कानाकडे आपोआप सरकतात आणि दोष दिसेनासा होतो. डोळ्या-कानाजवळ क्लोरहेक्सिडिन नको, ते बुबुळाला आणि आतल्या कानाला घातक. पोव्हिडोन आयोडीन लावून ते वाळू द्यायचं. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची, ॲड्रेनालिनसह दिल्यास, मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं १७.५ मिलिलिटर. एवढं कधी लागत नाही आणि लागू नये, कारण गाल औषधाने फुगला की किती उचललं याचा अंदाज चुकतो. खोलीत ॲड्रेनालिन, ऑक्सिजन आणि लिडोकेन अंगात भिनलं तर त्यावर उतारा म्हणून २० टक्के लिपिडची बाटली हवीच. ‘स्पा आहे, इथे कशाला’ हे उत्तर चालत नाही.

कानशिलाच्या केसांच्या रेषेत छिद्र करून कॅन्युला आत जाते. तिच्याबरोबर एखादा केस आत गेला तर पुढे तिथे गाठ किंवा पू. दोरा बसला की त्वचा दाबून टोक अगदी तळाशी कापायचं, म्हणजे ते आत ओढलं जातं. दोन मिलिमीटर बाहेर राहिलेलं टोक आठवड्याने टोचू लागतं आणि जंतूंना वाट करून देतं. गालावर खळी पडली, तर काटा त्वचेच्या खालच्या थरात अडकला असं समजावं. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत बसते, नाहीतर डॉक्टरने हलक्या दाबाने सोडवायची. पू झाला तर दोरा काढावाच लागतो, आणि इथे कुसळ पुन्हा आडवं येतं: दोन्ही दिशांचे काटे असल्याने तो एका टोकाने ओढून येत नाही. मध्ये तोडून दोन तुकडे आपापल्या दिशेने काढावे लागतात.

पहिले तीन-चार आठवडे सर्वात नाजूक, कारण कोलॅजनचा पडदा अजून विणला गेलेला नसतो आणि सगळा भार काट्यांवर असतो. दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसणं नको, चेहऱ्याचा मसाज नको, कुशीवर झोपणं नको, कडक भाकरी आणि सुपारी नको. दुचाकीवाल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घालताना-काढताना ते नेमकं कानशिलावरून, दोऱ्याच्या तोंडावरूनच घासत जातं. हेल्मेट सोडायचं नाही, तेवढे दिवस गाडी सोडायची. नवरीने हळदीच्या आदल्या आठवड्यात हे करून घेऊ नये. सूज आणि काळे-निळे डाग फोटोत येतात. किमान महिनाभर आधी.

दर ठरवताना १८ टक्के जीएसटी विसरू नये. आजारावरच्या उपचाराला असलेली सूट निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियेला नाही. वापरलेल्या सुया आणि कॅन्युला पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. आणि दोऱ्याच्या पाकिटावरचं बॅच क्रमांकाचं लेबल सोलून पेशंटच्या कागदावर चिकटवून ठेवावं, शेजारी किती दोरे, कुठून, कोणत्या बाजूला हे लिहून. तीन महिन्यांनी गालात गाठ घेऊन बाई परत आली, तर त्या दिवशीही दोऱ्याचं जवळजवळ सगळं वजन आतच असतं, आणि कुठे चिरायचं ते त्या कागदावरूनच कळतं.