प्री-मेडमधला डी पुसता येतो का? रिटेकच्या नियमांमागची गोष्ट

अमेरिकेत पोरगं प्री-मेड (मेडिकलला जायच्या तयारीचं पदवी शिक्षण) करतंय आणि दुसऱ्या वर्षाला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत डी, म्हणजे जेमतेम पासचा ग्रेड, पडला की घरात पहिला प्रश्न हाच येतो, कोर्स परत घेतला, म्हणजे रिटेक केला, तर जुना डी जाईल ना? २०१७ पर्यंत याची उत्तरं दोन होती, कुठे अर्ज करताय त्यावर अवलंबून. आता बहुतेक ठिकाणी एकच आहे, जात नाही. पण ओळखीतले लोक, सिनियर पोरं, कधी कधी कॉलेजचे सल्लागारसुद्धा अजून जुन्याच नियमावर सल्ला देतात आणि त्यात पोरांचं एक एक सेमिस्टर आणि बराच पैसा जातो, हे बघून फार वाईट वाटतं, म्हणून हा नियम आला कुठून ते जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब बघा. ४ क्रेडिटचा कोर्स, पहिल्यांदा डी म्हणजे दर क्रेडिटला १ पॉइंट, परत घेऊन ए म्हणजे दर क्रेडिटला ४ पॉइंट. एमडी (तिकडची नेहमीची डॉक्टरकीची पदवी, आपल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे) कॉलेजांचे अर्ज ॲमकॅस या ज्या सामायिक व्यवस्थेतून जातात तिथे दोन्ही वेळा मोजतात, म्हणजे ८ क्रेडिटचे २० पॉइंट, सरासरी २.५. डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी, हीपण डॉक्टरकीचीच) कॉलेजांच्या आकोमास या तशाच व्यवस्थेत पूर्वी फक्त शेवटचा ग्रेड धरायचे, म्हणजे सरळ ४.०. पोरगं तेच, मेहनत तीच, आणि एवढा फरक. एमडीला ॲडमिशन मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) हल्ली ३.७ च्या वर असतो, त्यामुळे हा फरक म्हणजे दार उघडं की बंद एवढा मोठा होता.

आता मुळात प्रत्येक प्रयत्न मोजायचाच का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९१० मध्ये मेडिकल शिक्षणाची पाहणी करणाऱ्या फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला, अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं त्यात तपासली होती आणि बऱ्याच ठिकाणी लॅब नाही, हॉस्पिटल नाही, फी भरली की प्रवेश असा प्रकार. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतली जवळपास निम्मी कॉलेजं बंद पडली किंवा दुसऱ्यात विलीन झाली. (त्यात कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच गेली, हॉवर्ड आणि मेहॅरी एवढीच राहिली, आणि त्याचे परिणाम आजपर्यंत भोगले जातायत.) मेडिकलच्या आधी कॉलेजात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स झालंच पाहिजे ही अट या काळात पक्की झाली. तरीही १९२० च्या दशकात काही ठिकाणी निम्म्यापर्यंत पोरं मधेच गळायची, म्हणून १९२८ मध्ये मॉस यांची ॲप्टिट्यूड टेस्ट सुरू झाली, आजच्या एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेची आजी म्हणा. म्हणजे पहिल्यापासून काळजी एकच, हे पोर इथे टिकेल का, आणि त्यासाठी आधीचं संपूर्ण रेकॉर्ड बघायचं.

मग १९७० च्या दशकात अर्जांचा पूर आला. १९७४ च्या सुमारास ४२ हजारांवर अर्जदार आणि जागा साधारण १५ हजार. प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) वेगळी, कुठे रिटेक केला की जुना ग्रेड काढून टाकतात, कुठे ठेवतात, मग तुलना करायची कशी? त्याच सुमाराला सुरू झालेल्या ॲमकॅसने सगळ्यांचे ग्रेड एकाच मापात आणायला घेतले. म्हणून आजही तुमच्या कॉलेजने ट्रान्सक्रिप्टवर जुना ग्रेड माफ केला असला तरी अर्जात दोन्ही लिहावे लागतात, ही गोष्ट दर वर्षी कितीतरी जणांना फॉर्म भरताना कळते!

आपल्या लोकांचा गोंधळ इथेच जास्त होतो असं मला वाटतं. १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला त्यानंतर मुंबई-पुण्याच्या जीएस, ग्रँट, बीजे अशा मेडिकल कॉलेजांतून बरेच मराठी डॉक्टर तिकडे गेले, त्यांची स्वतःची ॲडमिशन इंटर सायन्सच्या किंवा नंतर बारावीच्या मार्कांवर झालेली. आणि आता नीटमध्ये तर त्या वर्षीचा स्कोअर तेवढा चालतो, ड्रॉप घेऊन परत बसलं की मागचा स्कोअर कोणी विचारत नाही. त्यामुळे परत दे, चांगला ग्रेड आण, विषय संपला, असं आईबाबा अगदी मनापासून म्हणतात. तिकडे विषय संपत नाही. एमकॅटचेसुद्धा दिलेले सगळे स्कोअर कॉलेजांना दिसतात आणि आयुष्यात सातच वेळा देता येते.

बरं, मग डीओवाल्यांनी वेगळा नियम का ठेवला होता? ऑस्टिओपॅथीची सुरुवातच बाहेरच्या लोकांची. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सविलला पहिलं कॉलेज काढलं, त्यानंतर कित्येक दशकं एमडी मंडळी यांना डॉक्टर मानायलाच तयार नव्हती. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर डीओंना ६५ डॉलर भरून एमडीची पदवी घ्या असं सांगितलं गेलं आणि दोन हजारांवर लोकांनी घेतलीसुद्धा. सैन्यात डॉक्टर म्हणून बरोबरीचं स्थान १९६६ नंतर मिळालं. उशिरा वळलेले, आधी दुसरी नोकरी केलेले, पहिल्या दोन वर्षांत घसरलेले असे विद्यार्थी या कॉलेजांत आधीपासून जास्त दिसायचे, आणि त्यांच्यासाठी ग्रेड बदलून मिळणं हा फार मोठा आधार होता. माझ्या मते तो नियम चांगला होता. १९ व्या वर्षी घरची अडचण, आजारपण, चुकीची संगत, कशानेही घसरलेलं पोर २६ व्या वर्षी तोच विषय घेऊन ए आणतं तर डॉक्टर होण्यासाठी त्यातलं कुठलं पोर बघायचं, हा प्रश्न मला तरी अवघड वाटत नाही.

पण २०१४ मध्ये ठरलं की एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच व्यवस्थेखाली आणायची, २०२० पर्यंत ते पूर्ण झालं, दोन्ही बाजू जवळ येत गेल्या, आणि १ मे २०१७ पासून आकोमासनेही सगळे प्रयत्न मोजायला सुरुवात केली. नियम अगदी थोडे महिने आधी कळला. ज्यांनी त्याच भरवशावर वर्षभर रिटेक केले होते त्यांचा जीपीए एका रात्रीत खाली आला, ते मला आजही योग्य वाटत नाही.

त्यानंतर गणितच बदललं आणि हे नीट लक्षात घ्या. दोन्ही ग्रेड मोजणार असतील तर सी आलेला कोर्स परत घेऊन मिळालेला ए आणि बायोकेमिस्ट्रीसारख्या नव्या कोर्समधला ए, क्रेडिट सारखे असतील तर जीपीएला दोन्हीचा फायदा अगदी सारखाच. मग सी परत कशाला घ्यायचा, पुढचा अवघड सायन्स कोर्स घ्या, त्याने निदान नवीन काही शिकल्याचं तरी दिसतं. डी किंवा एफ असेल तर गोष्ट वेगळी, कारण बहुतेक कॉलेजं प्रीरिक्विझिटला (प्रवेशाआधी झालेच पाहिजेत अशा विषयांना) किमान सी मागतात, तिथे रिटेक करावाच लागतो. पदवीनंतर पोस्ट-बॅक करून घेतलेले अंडरग्रॅज्युएट कोर्स जुन्या जीपीएत मिसळतात, पण जॉर्जटाऊन विद्यापीठाने १९७० च्या दशकात सुरू केला तशा स्पेशल मास्टर्सचे (मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठीच्या पदव्युत्तर कोर्सचे) ग्रेड वेगळे दाखवले जातात, त्यामुळे कितीही चांगले आले तरी अंडरग्रॅडचा आकडा हलत नाही, आणि फी भरपूर. हे पैसे भरायच्या आधी माहीत हवं.

जुनं खरोखर पुसायची एक वाट मात्र अजून आहे, टेक्सासमध्ये. तिथली सरकारी कॉलेजं टीएमडीएसएएस या वेगळ्या व्यवस्थेतून अर्ज घेतात आणि राज्याच्या ॲकॅडमिक फ्रेश स्टार्ट कायद्याखाली १० वर्षं किंवा त्याहून जुने क्रेडिट हिशोबात न धरण्याची मागणी टेक्सासचा रहिवासी करू शकतो. फक्त त्यात निवड करता येत नाही, डी-एफ जातात तसे त्या काळातले ए पण जातात, आणि सगळे प्रीरिक्विझिट परत पहिल्यापासून करावे लागतात.