पार्श्वभूमी : धसका 'बसतो' की 'घेतला' जातो?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये, अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावर गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या. त्या गर्दीचे 'मुंबई स्पिरिट' म्हणून कौतुक झाले. हे कौतुक मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे, कारण कामावर जाणे टाळता येत नाही म्हणून गाडीत चढलेल्या माणसाच्या मनातली भीती ओसरली आहे, असे त्यावरून ठरत नाही. मानसिक आघाताच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवातही आगगाडीपासूनच झाली होती.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली. त्यानंतर १३ वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्या अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना बाहेरून फारशी इजा दिसत नव्हती, पण ज्यांची झोप उडाली होती, स्मरण क्षीण झाले होते आणि जे सतत भेदरलेले असत. पाठीच्या कण्याला बसलेला हादरा हे त्याचे कारण, असे त्यांचे मत होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढले आणि नुसती भीतीही एवढा परिणाम घडवू शकते, असे मांडले. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते आणि वादाच्या मुळाशी नुकसानभरपाईचे दावे होते, हे येथे नोंदवायला हवे. म्हणजे रुग्णाच्या खरेपणाविषयीचा संशय या अभ्यासाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आपल्या भाषेतही तो संशय आहे. 'धसका बसला' म्हणताना आपण आघात बाहेरून आला असे मानतो. 'धसका घेतला' म्हणताना मात्र तो त्या माणसानेच ओढवून घेतला, अशी छटा नकळत येते. पुढची शंभर वर्षे वैद्यकशास्त्रही या दोन क्रियापदांच्या मध्येच घुटमळत राहिले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' (तोफगोळ्यांच्या माऱ्यातल्या सैनिकांना बसणारा मानसिक धक्का) हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला, तरी त्याच महायुद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैनिकांना गोळ्या घातल्या जात होत्या. त्यांपैकी ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले. दरम्यान १९७४ मध्ये अॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बलात्कारपीडित स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या अशाच लक्षणांची मांडणी केली आणि १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे, 'पीटीएसडी' म्हणजे आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकेतील मानसिक विकारांच्या अधिकृत सूचीत आले.

मुंबईची वाट थोडी वेगळी होती. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. पण मनाचा आजार साध्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आला तो १९३८ मध्ये, डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात सुरू केलेल्या कामामुळे. पुढे मुंबईच्याच केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारित उपचारपद्धती तपासून पाहिली, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी समजुती तपासायला लावणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेली.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातले, घरी मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचे 'दिलासा' केंद्र. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००१ च्या सुमारास ते उभे केले. मनगट मोडलेली बाई अपघात विभागात येते आणि 'मोरीत पाय घसरला' एवढेच सांगते. प्लास्टर घालून तिला घरी पाठवले, तर कागदोपत्री उपचार पूर्ण होतात. तिला बाजूला घेऊन, बरोबर आलेल्या नवऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा रीतीने, 'घरी कोणी मारते का?' असे विचारण्याचे प्रशिक्षण परिचारिकांना आणि डॉक्टरांना मिळाले, हा बदल कोणत्याही नव्या औषधाइतकाच मोठा होता.

कायद्याचे क्रियापद 'घेतला'वरून 'बसला'कडे यायला आणखी वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून अमलात आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

उपचारांच्या बाबतीत संशोधनाने काही उत्साही समजुती मागे घ्यायला लावल्या. दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सारे बोलते करावे, या १९८३ पासून रूढ झालेल्या पद्धतीने पुढचा विकार टळत नाही, काहींना तर त्रासच होतो, असे नंतरच्या चाचण्यांतून दिसले. बहुतेक माणसे काही महिन्यांत आपापली सावरतात. म्हणून सुरुवातीला सुरक्षितता, अन्न, झोप आणि जवळची माणसे हीच मदत योग्य ठरते. जे सावरत नाहीत त्यांच्यासाठी एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे घडलेला प्रसंग उपचारकासमोर वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगणे आणि दुसरी म्हणजे टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जाणे.

मुंबईत ही शिडी साहजिकच रेल्वेची होऊ शकते. लोकलचा धसका बसलेला माणूस आधी नुसता पादचारी पुलावर उभा राहतो, मग फलाटावर बसून चार गाड्या जाऊ देतो, मग दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने माटुंगा रोडहून माहीमपर्यंत एकच स्टेशन जातो आणि प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते शंभरमधला आकडा देऊन तो वहीत लिहितो. डब्यातून मध्येच उतरायचे नाही, भीती कमी होईपर्यंत तिथेच थांबायचे, आणि पुढची पायरी केव्हा घ्यायची हे त्यानेच उपचारकाच्या सल्ल्याने ठरवायचे, असे हे काम चालते. १२ जुलैच्या सकाळी गाडीत चढलेल्यांनीही तेच अंतर कापले होते. मात्र पायरी त्यांनी निवडलेली नव्हती आणि आकडा विचारणारे कोणी नव्हते.